चारशें यार्डांचा खोळंबा

रस्त्यावर गाड्यांची दाटी झाली म्हणजे शहाणा अधिकारी प्रथम रस्ता खणावयास निघत नाहीं. तो नाक्यावर उभा राहून कोणती गाडी केव्हां आली व कोठें अडली, याचें टिपण करतो. संगणकांच्या जाळ्यासही हाच न्याय लागू पडतो, हें १९८६ सालच्या एका घटनेनें दाखवून दिलें.

कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचें बर्कली विश्वविद्यालय यांतील अंतर अवघें ४०० यार्ड. प्रयोगशाळेंतून तिकडे सेकंदास सुमारें ३२,००० बिट मजकूर जात असे. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत तो एकाएकीं ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदास पांच अक्षरें! याहून माणसानें चिठ्ठी घेऊन धांवत जावें तें बरें.

या जाळ्यांत मजकूर अखंड वाहत नाहीं. त्याचे तुकडे करून ते जणूं पाकिटांत घालतात. वर दोन्ही पत्ते व अनुक्रम लिहितात. पलीकडून पोंच आली नाहीं, तर पाठविणारा तेंच पाकीट पुन्हां धाडतो. प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन व विश्वविद्यालयांतील मायकेल कॅरल्स यांनीं या खोळंब्याचा शोध आरंभिला. जाणाऱ्या पाकिटांची नक्कल घ्यावयाची, तिच्यावर वेळेचा शिक्का मारावयाचा आणि मग वेळ व अनुक्रम यांचा आलेख काढावयाचा, अशी ही रीत.

जेकबसन यांच्या १९८८ सालच्या निबंधांतील एक आलेख फार बोलका आहे. मार्गाच्या शक्तीपैकीं केवळ ३५ टक्के उपयोगीं पडली. बाकी सारी पुनरुक्तींत गेली. जवळ जवळ प्रत्येक भाग निदान दोनदां धाडला गेला, आणि ५४ ते ५८ किलोबाइटांमधील मजकूर तर पांच वेळां! नाक्यावर दाटी झाली कीं पोंच रखडे. ती रखडली कीं पाठविणारा अधीर होऊन तेंच पाकीट पुन्हां धाडी. त्यानें दाटी आणखी वाढे. दोष मार्गाचा नव्हता, वाटसरूंच्या वर्तनाचा होता. उपायही वर्तनाचाच निघाला: आरंभ सावकाश करावा, पोंच येईल तसतसा वेग वाढवावा आणि पाकीट हरवतांच तो आंवरावा. हे नियम सुधारलेल्या रूपांत आजही चालू आहेत.

१९८८ सालींच त्या प्रयोगशाळेंत जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅक्कॅन यांनीं अशा नोंदीसाठीं ‘टीसीपीडम्प’ हें साधन रचलें. १९९८ सालीं जेराल्ड कोम्ब्स यांचें ‘इथिरिअल’ आलें. २००६ पासून तें ‘वायरशार्क’ या नांवानें ओळखलें जातें.

जुनें टीसीपीडम्प, वेगळें सांगितलें नाहीं तर, प्रत्येक पाकिटाचे पहिले ६८ बाइटच टिपून घेई. पत्ता वाचला जाई, पत्र बहुतांशीं मिटलेलें राही. आज ती मर्यादा २,६२,१४४ बाइटांची आहे. सबंध पाकीट हातीं येतें. म्हणून आतां बहुतेक मजकूर गूढ लिपींत धाडतात. तथापि कोण, कोणाकडे, केव्हां व किती, एवढें पुष्कळदां उघडेंच राहतें. जाळ्याचा रोग ओळखण्यास तें बहुधा पुरतें. परंतु माणसाचे संबंध व संवयी ओळखण्यासही तेंच पुरतें. यास्तव दुसऱ्याच्या जाळ्यावर त्याच्या संमतीवांचून पाळत ठेवूं नये. नाक्यावर उभें राहण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यानेंच तेथें उभें राहावें.