शाळेतील कर्मचारी आणि विद्यार्थिनी : 'तिची मर्जी होती' हे कायद्यात चालत नाही

गोखिवरे (वसई) : शाळेतल्या सरांचं आणि एखाद्या पोरीचं 'जमलंय' अशी कुजबुज सुरू झाली की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो, बोभाटा नको, आपसात मिटवा. पण हे मिटवण्याचं प्रकरणच नाही.

2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालील मुलगी असो की मुलगा, बालकच धरतात आणि बालकाची संमती मानली जात नाही. मेसेज आधी तिनेच केले ही सबब चालत नाही. पुढे लग्न लावून दिलं तरी गुन्हा पुसला जात नाही. उलट आरोपी शाळेचा माणूस असेल तर शिक्षा वाढते. त्यात शिक्षकच नव्हे, शिपाई आणि सफाई कामगारही आले. लैंगिक हेतूने अंगाला हात लावल्यास 5 ते 7 वर्षे, शरीरसंबंध असल्यास किमान 20 वर्षे. अश्लील मेसेज पाठवणे, सतत मागे लागणे यालाही 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

मुलगी 18 ची झाली म्हणजे रान मोकळं, असंही नाही. बारावीला, आयटीआयला अशा मुली असतात. ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या महिलेला पदाचा गैरवापर करून शरीरसंबंधासाठी फूस लावल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 नुसार 5 ते 10 वर्षे शिक्षा आहे.

आता शाळेची जबाबदारी. गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट 2024 च्या बदलापूर प्रकरणात शाळा प्रशासनावरही याच कारणाने गुन्हा दाखल झाला. त्यानंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं सक्तीचं झालं. पालक सभेत या समितीत कोण कोण आहे एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलाचा जबाब घरी, साध्या वेशातल्या पोलिसांनी, आईवडिलांसमोर घ्यायचा असतो. चाइल्डलाइन 1098 वर फोन फुकट आहे. मात्र मुलीचं नाव, फोटो, शाळा गावच्या ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करण्यालाही कलम 23 खाली शिक्षा आहे.