दोन उताऱ्यांचा काळ

अहमदपूरच्या शेतकऱ्याची जमीन सात-बाऱ्यावर असते: नमुना सातमध्ये मालक व क्षेत्र, बारामध्ये पिके. हा उतारा संगणकावर आला, तरी तलाठ्याचा हस्तलिखित उतारा लगेच बंद झाला नाही. काही वर्षे दोन्ही सोबत चालले. सर्व्हर भरले तेच दाखवतो, १.२० हेक्टरचे १२.० झाले, तर क्षेत्र दहापट! म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले, हस्तलिखिताशी ताडून चुका दुरुस्त होऊ लागल्या. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचे उतारे सुरू झाले. दोन्ही नोंदी जुळेपर्यंत जुनी वही मिटू नये, असे आम्हांला वाटते. वर्गातल्या हजेरीची दोघांकडून नक्कल करून घ्या आणि ताडून पाहा. मुलांना हे लगेच पटेल.