फावला वेळ कोणत्या भाषेत जातो?

जागतिकीकरणाने तरुण पोरे बिघडवली, हे वाक्य आमच्या सीमाभागातल्या बैठकीत हमखास ऐकू येते. इतिहास पाहिला तर ते निम्मेच खरे आहे, असे मला वाटते.

करमणूक बाहेरून येणे आपल्याला नवे नाही. क्रिकेट इंग्रजांनी आणले. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत दाखवली गेली आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. यंत्र परके, पण गोष्ट आपली. जे आले त्याला आपण आपले करून घेतले.

आमच्याकडे मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पुढे कचेरीत, सातबाऱ्यावर कन्नड आली. मराठी टिकली ती घरात, शाळेत आणि फावल्या वेळात. वाचनालय, व्याख्यानमाला, गणेशोत्सवातली नाटके, दिवाळीत अळीव पेरून सजवलेले मातीचे किल्ले, या सगळ्यांत ती वाढली. पुण्याच्या मुलाचा फावला वेळ बदलला तर त्याची करमणूक बदलते. आमच्या मुलाचा बदलला तर भाषेचा एक आधारच जातो.

१९९१ मध्ये आर्थिक धोरण बदलले, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टारची प्रक्षेपणे सुरू झाली आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी आले. केबलच्या वायरी आमच्या गल्लीत या गच्चीवरून त्या गच्चीवर गेल्या, तशी संध्याकाळी वाचनालयाची बाके मोकळी दिसू लागली. परंतु १९९९ मध्ये त्याच वायरीतून अल्फा मराठी घरात आली. राज्याची सीमा उपग्रहाला अडवू शकली नाही, आणि त्याचा लाभ आम्हालाच झाला.

खरा फरक मला त्यानंतर दिसतो. टीव्हीपुढे घर एकत्र बसे. कार्यक्रम हिंदी असो वा इंग्रजी, त्यावरचा वाद मराठीत होई. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आला. माझा भाचा दूरदेशीच्या मुलांशी मोडक्या इंग्रजीत खेळतो. त्यात वाईट काही नाही. पण त्या खेळाविषयी तो घरात कुणाशी बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

तेव्हा पडदा हिसकावून घेण्यापेक्षा शेजारी बसून “काय बघतोयस रे?” एवढे विचारावे. उत्तर मराठीतच येईल.