पटावरची नावं आणि शाळेचा पैसा

सिरसाळ्याच्या पंचक्रोशीत जुन्या शाळेबद्दल विचारलं तर माणसं इमारतीचं साल सांगत नाहीत, गुरुजी सांगतात. अमक्या गुरुजींनी मारुतीच्या देवळात वर्ग भरवला, तमक्या बाईंनी पदरच्या पैशानं पाट्या आणल्या, तापानं फणफणलेल्या पोराला एका गुरुजींनी सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. १९८४ साली रुजू झाले आणि याच भागातल्या गावांत, वस्त्यांवर शिकवत निवृत्त झाले. त्या पदरच्या पैशाचं मोल मला ठाऊक आहे. तरी या आठवणी ऐकताना एक प्रश्न मनातून जात नाही. सरकारी तिजोरीतून जे यायला हवं होतं, ते दर पिढीत कुणीतरी स्वतःच्या खिशातून का भरत आलं? आमच्या शाळांचा इतिहास लिहायचा तर गुरुजींच्या मायेसोबत शाळेच्या पैशाचाही लिहावा लागतो.

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. सरकार-दरबार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे आमच्याकडचं मराठी बोलणारं पोर वरच्या इयत्तेत गेलं की परक्या भाषेत गणित आणि भूगोल शिकायचं. लोकांनी स्वतःची मराठी शाळा काढावी, तर त्यालाही सरकारी परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा काळात अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीची शाळा उभी राहिली. उस्मानाबादकडे हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तिथले व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईच्या शाळेत आले आणि मग अख्ख्या मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले. या शाळा लोकांच्या देणग्यांवर आणि शिक्षकांच्या अर्धपोटी राहण्यावर चालल्या. मराठवाड्यात शाळा ही लोकांनी चालवायची गोष्ट, ही सवय तिथून पडली. त्या सवयीनं आम्हाला स्वातंत्र्य मिळवून दिलं, हे मी कधी विसरणार नाही. मात्र स्वराज्य आल्यावरही सरकारनं आमची तीच सवय गृहीत धरली.

तिकडे इंग्रजी मुलखात हा प्रश्न फार आधी, फार स्पष्ट शब्दांत विचारला गेला होता. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा बराचसा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी आयोगापुढे मांडलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्याकडून घेतलेल्या लोकल फंडातला निम्मा वाटा प्राथमिक शाळांना द्या, गावच्या मास्तरला पोटापुरता पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. जोतीराव स्वतः शिक्षक होते. ज्यांनी मुलींना आणि अस्पृश्यांच्या मुलांना जवळ बसवून शिकवलं, तेच आयोगापुढे हिशेब मांडायला बसले. मला ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत. उपाशी पोराकडे बघून ज्याला गलबलून येतं, त्यानं त्या पोराच्या वाट्याचे पैसे कुठे अडले हेही बघायलाच हवं.

पुढे बडोद्याला सयाजीरावांनी १९०६ पर्यंत राज्यभर सक्तीचं शिक्षण नेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत आणि सक्तीचं केलं. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मात्र खर्चाच्या आणि इतर सबबींवर मागे पडलं. आमच्या भागात यातलं काहीच पोचलं नाही. कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा हक्कानं शाळेत बसत होता, तेव्हा सिरसाळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा रानात गुरांमागे होता. त्याच मुलाचा नातू पुढे कोल्हापूर-सांगलीच्या फडात ऊस तोडायला गेला.

१९५३ च्या नागपूर करारात आम्हाला शब्द मिळाला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि त्यातही मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष, असं त्यात लिहिलेलं होतं. १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच साली राज्यात शिक्षण उपकराचा कायदा झाला आणि उसासारख्या बागायती पिकांच्या जमिनीवरही तो कर लागला. तलाठ्याच्या पावतीवर शेतसाऱ्याखाली शिक्षण कराचा रकाना असतो, तो त्यातलाच. ऊस पिकवणाऱ्या जमिनीनं शाळेसाठी कर दिला. ज्यांच्या कोयत्याशिवाय तो ऊस कारखान्यात पोचला नसता, त्यांच्या मुलांना मात्र फडाशेजारी शाळा मिळाली नाही.

बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या भागाची घडी मोडली. लोक खडी फोडायला गेले, सुकडीवर जगले. विहिरी आटल्या, जनावरं विकली. पश्चिम महाराष्ट्रात तेव्हा सहकारी कारखाने वाढत होते आणि त्यांना तोडणीला माणसं हवी होती. मुकादम गावात येऊ लागले, उचल देऊ लागले. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की गाड्या भरायच्या आणि कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलला, परत यायचं. मी नोकरीला लागले तेव्हा ही रीत पक्की झालेली होती. म्हातारी माणसं मागे राहायची. लहान पोरं मात्र आईसोबत जायची, आणि तान्ह्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण लागायची. आमच्या वर्गातून सगळ्यात आधी मुली गळाल्या त्या अशा.

तेव्हा मूल सलग गैरहजर राहिलं की पटावरून त्याचं नाव कमी करायचा रिवाज होता. दिवाळीनंतर हजेरी घेताना मी नाव पुकारायचे आणि वर्गातली पोरं ओरडायची, "बाई, ते कारखान्याला गेलं." हजेरीपटावर महिनोन् महिने गैरहजेरीच्या खुणा पडत. जाण्याआधी एक आई दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पोरीचं नाव तेवढं ठिवा. पट्टा पडला की येतोच की आम्ही." मी नाव ठेवलं. इतर शिक्षकही ठेवायचे. तपासणीत त्याबद्दल शेरा मिळायचा, तो आम्ही घ्यायचो. नाव कमी केलेलं मूल पुन्हा दाखल होत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

ती मुलगी पाडव्यानंतर आली. हातांना भेगा पडलेल्या. शेवटच्या ओळीत बसली आणि पाटीवर काहीच लिहीना. जोडाक्षरं पार विसरली होती. ओरडून उपयोग नव्हता. तिच्या पिशवीत वजनकाट्याच्या पावत्यांची चळत होती, बापाची बैलगाडी कारखान्यात रिकामी झाल्यावर मिळालेली. मी एक पावती मागून घेतली आणि फळ्यावर आकडे लिहिले. भरलेल्या गाडीचं वजन ३१२० किलो, रिकाम्या गाडीचं ८४०. निव्वळ ऊस किती? वर्गातली हुशार पोरं हातच्याच्या वजाबाकीत अडकली. तिनं बोटं न मोजता सांगितलं, २२८०. मग तिनंच सगळ्यांना समजावलं की रिकामी गाडी का वजा करायची, आणि तसं नाही केलं तर टनाचा हिशेब कसा चुकतो. त्या दिवसापासून मी ऊसतोडीहून आलेल्या मुलांना आधी विचारायचे की तिकडे काय शिकलास, आणि तिथूनच पुढे शिकवायचे. मोळी, टन, उचल, फिटलेली उचल, राहिलेली उचल. बेरीज-वजाबाकीला याहून खरा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता.

पण माझ्या हुशारीनं तिचे बुडालेले पाच-सहा महिने भरून निघाले नाहीत. ती पुढच्या वर्षीही गेली. तिला गावात ठेवायचं तर दोन वेळचं जेवण, रात्री कुणाचं तरी लक्ष आणि एक जास्तीचा शिक्षक लागत होता. यातलं काहीच मायेनं येत नाही. त्याला अंदाजपत्रकात रक्कम लागते.

मराठवाड्यानं ही रक्कम मागितली नाही असं नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वसमतला गोळीबारात बळी गेले. मुक्तिसंग्रामात लढलेले गोविंदभाई श्रॉफ या आंदोलनातही पुढे होते. १९८३ साली वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. कोणता जिल्हा कशात किती मागे आहे ते तिनं रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, शिक्षण असं क्षेत्रवार मोजलं आणि मागासलेपणाला रुपयांचा आकडा दिला. तेव्हापासून अनुशेष हा शब्द आमच्या पारावरच्या गप्पांतही आला. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. निधी मागताना ज्याचा आधार घ्यायचा, ते व्यासपीठ त्या दिवशी गेलं.

आता शाळेला पैसा मिळतो तो पटाच्या हिशेबानं. समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि शंभरपर्यंतच्या शाळेला २५,००० रुपये. खडू, झाडू, दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यातच बसवायचं. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच तालुक्यात, आणि मी शिकवलेल्या एका शाळेची वीज बिल थकलं म्हणून तोडली होती. संगणक खोक्यातच राहिला. शिक्षकांची पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावरून. दसऱ्याआधीच्या त्या मोजणीत सगळी मुलं दिसतात. नोव्हेंबरात कोण उरलं, गेलेल्यांना थांबवायला काय लागलं असतं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. डोंगरातल्या दहा पटाच्या शाळेला आणि स्थलांतराच्या गावातल्या शाळेला दर मुलामागे जास्त खर्च लागणारच. सारख्या दरानं पैसे दिले की न्याय झाला, हे मला पटत नाही.

काही झालंच नाही असंही मी म्हणणार नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं. कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला २००० सालापासून शांतिवन ऊसतोड कामगारांच्या मुलांना सांभाळतंय. गावोगावी हंगामी वसतिगृहं सुरू झाली. मुलं आजी-आजोबांकडे झोपतात आणि शाळा व्यवस्थापन समिती त्यांना दोन वेळ जेवू घालते. यात खोटी नावं दाखवण्याचे प्रकार झाले, तेही खरं, आणि ज्यांनी ते केले त्यांनी या मुलांच्या तोंडचा घास काढला. पण जिथे समिती जागी होती तिथे मुली थांबल्या, सातवीच्या पुढे गेल्या. २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांची. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असंही ठरलं. जोतीरावांनी लोकल फंडाबद्दल जे मागितलं होतं, त्याच्या जवळ जाणारा हा हिशेब आहे. ज्याच्या श्रमातून पैसा उभा राहतो, त्याच्या मुलाकडे त्यातला ठरलेला वाटा गेला पाहिजे.

हंगामी वसतिगृहाची अडचण मात्र अजून तारखेची आहे. मंजुरी उशिरा येते, अनुदान त्याहून उशिरा, आणि मुकादमाची गाडी कुणासाठी थांबत नाही. आईबापाला दसऱ्याआधी ठरवायचं असतं की पोर सोबत न्यायचं की मागे ठेवायचं. तेव्हा शाळेला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे की ठेवा, जेवणाची सोय झालेली आहे. म्हणून आम्ही निवृत्त शिक्षक आणि काही पालक मिळून जो अर्ज घेऊन हिंडतो, त्यात तीनच मागण्या आहेत. हंगामी वसतिगृहाचा पहिला हप्ता सप्टेंबर संपायच्या आत शाळेच्या खात्यावर यावा. पटाची दुसरी मोजणी जानेवारीत व्हावी आणि तिच्यावरून जास्तीचा निधी मिळावा, कपात होऊ नये. आणि शाळेचं वीजबिल शाळेच्या अनुदानातून न कापता सरकारनं परस्पर भरावं. अर्जावर सह्या आहेत, अंगठेही आहेत. अंगठे बहुतेक आज्यांचे आहेत.