टीव्हीचे चित्र स्पष्ट, आवाज मात्र गायब! होम थिएटरच्या तक्रारींचा उलगडा

नागपूर - सीताबर्डीच्या बाजारातून हौसेने आणलेला होम थिएटर संच दिवाळीत दणदणीत वाजतो. पुढे कधी टीव्ही बदलतो, कधी सेट टॉप बॉक्स बदलतो, कधी रंगकामासाठी सगळ्या तारा काढल्या जातात आणि संच अचानक मुका होतो. चित्र उत्तम दिसते, पण आवाज येत नाही. आला तर दोनच स्पीकरमधून येतो, किंवा सोबत सतत घुमणारा 'हूं' असा नाद घेऊन येतो. दुकानदार नवा साऊंडबार दाखवतो आणि ग्राहक काही हजार रुपये मोजून मोकळा होतो. प्रत्यक्षात अशा प्रसंगी अनेकदा काहीही बिघडलेले नसते. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे एकमेकांशी जुळत नसते, इतकेच.

तपासणीची सुरुवात टीव्हीपासून न करता उलट्या टोकाकडून, म्हणजे स्पीकरकडून करावी. बहुतेक रिसीव्हरमध्ये 'टेस्ट टोन' ही सोय असते. ती सुरू केल्यावर समोरचा डावा, मधला, समोरचा उजवा आणि मागचे दोन अशा क्रमाने प्रत्येक स्पीकरमधून खरखर ऐकू येते. सर्व स्पीकर बोलले तर रिसीव्हर, तारा आणि स्पीकर ठणठणीत आहेत व दोष टीव्हीकडून येणाऱ्या जोडणीत आहे, हे पाच मिनिटांत सिद्ध होते. एखादाच स्पीकर गप्प असेल तर त्याची तार चालू असलेल्या दुसऱ्या स्पीकरला लावून पाहावी. तारेचे सुटे धागे एकमेकांना चिकटले तर रिसीव्हर 'प्रोटेक्शन' दाखवून स्वतःहून बंद पडतो. सतरंजीखालून नेलेल्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे त्याचे नेहमीचे कारण. तारांची अदलाबदल करताना संच बंद ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

लाल आणि काळ्या टोकांची अदलाबदल झाली तर आवाज बंद होत नाही, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. एका स्पीकरचा पडदा पुढे सरकत असताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्जातील ध्वनी एकमेकांना मारक ठरतात आणि संगीत पोकळ वाटू लागते. 'बेस नाही' या तक्रारीवर नवा सबवूफर घेण्यापूर्वी ही टोके पाहावीत.

जोडणीचे मार्ग

केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरे होती. त्यात नागपूरचा समावेश होता व त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तोपर्यंत बहुतेक घरांत लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए जोडणीच प्रचलित होती. ही तार केवळ दोन वाहिन्यांचा म्हणजे स्टीरिओ ध्वनी वाहते. स्थानिक बाजारात जुळवून विकल्या जाणाऱ्या ५.१ संचांच्या मागे सहा पिनांची जागा असते आणि तेथे लाल-पांढऱ्या दोनच पिना लावल्या तर मागचे स्पीकर व मधला स्पीकर गप्प राहणारच. अशा संचात 'ऑक्स' हा मार्ग निवडल्यास संच स्वतःच तो ध्वनी सर्व स्पीकरमध्ये वाटून देतो. तो खरा ५.१ ध्वनी नव्हे, पण बातम्या व मालिकांसाठी पुरेसा आहे.

अलीकडच्या अनेक टीव्ही संचांत लाल-पांढऱ्या पिनांची सोय उरलेली नाही. राहतो तो ऑप्टिकल किंवा एचडीएमआय मार्ग. ऑप्टिकल तार जपानच्या तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणली. तिच्यातून विजेऐवजी प्रकाश वाहतो. टीव्ही सुरू असताना तारेचे मोकळे टोक तळहातासमोर धरले तर लाल ठिपका दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ध्वनी बंद आहे, किंवा तार काटकोनात मुडपल्याने आतून तुटली आहे. नव्या तारेच्या टोकावरील प्लास्टिकचे टोपण तसेच ठेवून ती जोडण्याचा प्रकारही सर्रास घडतो.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली, तेव्हा या तारेतून चित्र व ध्वनी टीव्हीच्या दिशेनेच जात. टीव्हीमधून रिसीव्हरकडे ध्वनी परत पाठवण्याची 'आर्क' ही सोय २००९ मधील १.४ या आवृत्तीपासून मिळाली, तर अधिक क्षमतेची 'ई-आर्क' २०१७ मधील २.१ या आवृत्तीत आली. ही तारीखवार माहिती कोरडी वाटेल, पण निम्म्या तक्रारींची चावी तिच्यातच आहे. २००९ पूर्वीच्या रिसीव्हरला कितीही महागडी तार जोडली तरी आर्क मिळणार नाही. तेथे ऑप्टिकलच वापरावी लागेल. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय जागा असल्या तरी आर्क बहुधा एकाच जागेवर असते व तिच्याशेजारी तसे छापलेले असते. रिसीव्हरच्या बाजूलाही तार 'आऊट' असे लिहिलेल्या जागेत लावायची असते. याशिवाय उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची 'सीईसी' ही सोय सुरू असावी लागते. प्रत्येक कंपनीने तिचे बारसे वेगळे केले आहे. सॅमसंगमध्ये ती 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिमलिंक', तर सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक' या नावाने सापडते. सर्व काही बरोबर असूनही आवाज येत नसेल तर दोन्ही उपकरणांचे प्लग काही मिनिटे काढून ठेवावेत आणि मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर सुरू करावा. हा उपाय गावठी वाटला तरी गुणकारी आहे, कारण दोन्ही उपकरणे परस्परांची ओळख नव्याने करून घेतात.

भाषा जुळत नाही

तार योग्य, जागा योग्य, तरीही शांतता. अशा वेळी ध्वनीचा प्रकार तपासावा. टीव्ही आपला ध्वनी साध्या 'पीसीएम' स्वरूपात पाठवू शकतो किंवा डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस अशा आवळलेल्या स्वरूपात. रिसीव्हरला ती भाषा येत नसेल तर तो गप्प बसतो किंवा नुसती खरखर करतो. एखादी एचडी वाहिनी लावताच आवाज जातो आणि साध्या वाहिनीवर परत येतो, किंवा चित्रपटांचे अ‍ॅप मुके राहते आणि यूट्यूब मात्र बोलते, ही या विकाराची खूण होय. ऑप्टिकल तारेतून दोन वाहिन्यांचा पीसीएम किंवा ५.१ डॉल्बी डिजिटल जाऊ शकतो. डॉल्बी डिजिटल प्लस मात्र तिच्यातून जात नाही.

उपाय सोपा आहे. टीव्हीच्या ध्वनी विभागातील 'डिजिटल आऊटपुट' प्रथम पीसीएम करावे. आवाज आला की दोष निश्चित झाला. मग तेथेच डॉल्बी डिजिटल निवडून ५.१ मिळतो का ते पाहावे. सेट टॉप बॉक्सच्या मेनूमध्येही अशीच निवड असते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ऑप्टिकल ध्वनी लाल-पांढऱ्या पिनांत बदलणारी छोटी डबी वापरणाऱ्यांनी पीसीएमच ठेवावे, कारण स्वस्त डब्यांना डॉल्बी उलगडता येत नाही. जुना, चांगला अ‍ॅम्प्लिफायर भंगारात जाण्यापासून ही डबी वाचवू शकते.

घुमणारा नाद आणि अर्थिंगशी खेळ

सर्वात चिवट तक्रार असते ती सतत घुमणाऱ्या नादाची. भारतातील विजेची वारंवारिता ५० हर्ट्‌झ आहे आणि स्पीकरमधून येणारा हा नाद तिचाच, किंवा तिच्या दुपटीचा असतो. टीव्ही, रिसीव्हर आणि केबलची तार वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीशी जोडली गेली की त्यांच्यात एक वळसा तयार होतो आणि त्यातून वाहणारा क्षीण प्रवाह अ‍ॅम्प्लिफायर इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. खात्रीसाठी सेट टॉप बॉक्सला येणारी केबल किंवा डिशची तार क्षणभर काढावी. नाद थांबला तर दोषी तीच. अशा तारेसाठी आयसोलेटर मिळतो. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्यानेही फरक पडतो. टीव्ही ते रिसीव्हर ही जोडणी ऑप्टिकल केली तर त्या दोहोंमधील विजेचा दुवाच राहत नाही.

मात्र एक उपाय सर्रास सांगितला जातो व तो जिवावर बेतणारा आहे. प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकली की नाद थांबतो, हे खरे आहे. परंतु उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरली तर ती जमिनीत नेणारा मार्गही त्याच वेळी बंद झालेला असतो. त्यानंतर तो मार्ग आवरणाला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून जातो. ओल्या फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या आपल्या घरांत हा धोका अधिकच. थोडा नाद परवडला, पण ही पिन कापणे नको.

विदर्भातील उन्हाळ्याचा येथेही संबंध आहे. अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल आटली की जमिनीचा रोध वाढतो आणि पावसाळ्यात न जाणवलेला नाद एप्रिल-मेमध्ये उपटतो. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे. टीव्हीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण घराचे अर्थिंग मोजून घ्यावे. कूलर सुरू-बंद करताना स्पीकरमध्ये 'टक्' असा आवाज येत असेल तर कूलर व होम थिएटर एकाच बोर्डावरून चालवू नयेत.

पार्श्वसंगीत दणकट, संवाद पुसट

घरातील ज्येष्ठांची तक्रार बहुधा वेगळीच असते. गाणी आणि हाणामाऱ्या कानठळ्या बसवतात, पण पात्रे काय बोलतात ते कळत नाही. ५.१ ध्वनीत संवादांचा मोठा भाग मधल्या स्पीकरकडे सोपवलेला असतो. हाच स्पीकर शोकेसच्या खोल कप्प्यात, फुलदाणीमागे ढकललेला आढळतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढावा आणि त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानांकडे करावे. त्यानंतर रिसीव्हरमध्ये फक्त मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. सगळा आवाज वाढवल्यास हाणामाऱ्याही वाढतात आणि मुलांशी होणारे वादही. 'नाइट मोड' हा पर्याय मोठे व बारीक आवाज एकमेकांच्या जवळ आणतो. रात्रीच्या वेळी तो विशेष उपयोगी पडतो.

मधला स्पीकर नसलेल्या संचात रिसीव्हरला तसे सांगावे लागते. तसे न केल्यास रिसीव्हर संवाद नसलेल्या स्पीकरकडे पाठवत राहतो आणि पात्रांचे केवळ ओठ हलतात.

पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नागपूरच्या दिवाणखान्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसरात्र घरघरतो आणि ही घरघर शब्दांतील बारीक व्यंजने गिळून टाकते. कूलरची गती एक पायरी खाली आणणे हा येथे कोणत्याही साऊंडबारपेक्षा स्वस्त उपाय ठरतो. त्यात गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती यांच्यामुळे आवाज घुमतो. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून पाहावी. तिचा झणकार मागे रेंगाळला तर जाड पडदे आणि सतरंजी यांचा उपयोग होईल. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सबवूफरचा खर्ज भिंती सहज ओलांडतो.

ओठ आधी, शब्द नंतर

चित्र आणि ध्वनी मागेपुढे होण्याचे कारण म्हणजे टीव्हीला चित्रावर संस्कार करण्यास लागणारा वेळ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाच्या ते लक्षात येऊ लागते. म्हणजे आधी येणारा आवाज अधिक खटकतो. निसर्गात आवाज नेहमी दृश्यानंतरच पोहोचतो, हे त्यामागील कारण असावे. आवाज आधी येत असेल तर रिसीव्हरमधील 'ऑडिओ डिले' वाढवावा. उशिरा येत असेल तर टीव्हीतील चित्रसंस्कार कमी करून चालणार नाही, कारण त्याने चित्र आणखी पुढे जाईल. अशा वेळी टीव्हीतील ध्वनीचा विलंब शून्यावर आणावा आणि ब्लूटूथ जोडणी असल्यास तिच्याऐवजी तार वापरावी. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आणि होम थिएटर दोन्ही सुरू राहिल्याने येणारा प्रतिध्वनी मात्र निराळा. टीव्हीचे स्पीकर बंद केले की तो थांबतो.

दुरुस्तीपूर्वी

मान्सूनपूर्व वादळांत विजा कडाडू लागल्या की प्लगसोबत केबल आणि डिशच्या ताराही काढाव्यात. विजेचा झटका याच तारेतून सेट टॉप बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआयच्या जागेत शिरू शकतो. ती जागा निकामी झाली तरी टीव्ही व रिसीव्हर बाकी कामे करीत राहतात. त्यामुळे मुख्य बोर्ड बदलण्यास होकार देण्यापूर्वी ऑप्टिकल जोडणी वापरून पाहावी.

संच हमीच्या मुदतीत असेल तर तो बाहेर उघडू देऊ नये. बिल, हमीपत्र आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावेत. कंपनी दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगापुढे दाद मागता येते. त्यामुळे संच ऑनलाइन, परराज्यातील विक्रेत्याकडून घेतला असला तरी नागपूरच्या ग्राहकाला नागपूरच्या जिल्हा आयोगात जाता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क पडत नाही.