मुंबईची घटना कलकत्त्यास गेली तेव्हा

नगरीचा कारभार सुधारावयाचा तर दुसऱ्या नगरीकडे पाहावे, हा मार्ग शहाणपणाचा खरा. परंतु तिच्याकडून नेमके काय उचलावे, यावरच त्याचे फळ अवलंबून असते. मुंबई आणि कलकत्ता (आजचे कोलकाता) यांच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आम्हांस आढळते.

मुंबईत १८६५ च्या कायद्याने कारभाराची सर्व सूत्रे एकट्या आयुक्ताच्या हाती आली. खर्चावर परिणामकारक अंकुश राहिला नाही. १८७१ मध्ये तरुण फिरोजशहा मेहता यांनी प्रतिपादन केले, की कार्यकारी अधिकारी एकच व जबाबदार असावा. पण त्याजवर करदात्यांनी निवडलेल्या सभेची देखरेख हवी. १८७२ च्या कायद्याने त्या दिशेने पाऊल पडले आणि १८८८ च्या कायद्याने रचना पक्की झाली. आयुक्त सरकारनियुक्त राहिला. परंतु ७२ सभासदांपैकी सरकारने नेमलेले केवळ १६, स्थायी समितीच्या १२ जागांपैकी ८ महापालिकेने भरावयाच्या, आणि अध्यक्षही तिनेच निवडावयाचा.

कलकत्त्यास त्या वेळी ७५ पैकी ५० सभासद करदात्यांनी निवडलेले असत. शहराच्या अस्वच्छतेचा दोष त्यांच्या माथी मारून सरकारने १८९९ मध्ये नवा कायदा केला. महापालिका, समिती व अधिकारी ही त्रिविध रचना मुंबईच्या धर्तीवर घेतली. मात्र लोकनियुक्त सभासद ५० वरून २५ वर आणले, आणि सरकारने नेमलेला कार्यकारी अधिकारीच सभेचा अध्यक्ष ठेवला. ज्याचा हिशेब घ्यावयाचा तोच सभेच्या आसनावर! घागर नेली, पाणी मुंबईतच राहिले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासह २८ सभासदांनी राजीनामे दिले.

पुढे तेच सुरेंद्रनाथ बंगालचे मंत्री झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी नवा कायदा संमत करून घेतला. महापौर निराळा व मुख्य कार्यकारी अधिकारी निराळा, असे ठरले. १९२४ मध्ये देशबंधू चित्तरंजन दास पहिले महापौर झाले. एका चुकीच्या दुरुस्तीस चोवीस वर्षे लागली.

आपल्या ज्ञातिसंस्थाही परस्परांच्या नियमावल्या पाहून आपली घटना बेततात. त्यात गैर काही नाही. मात्र कलमे उतरवून घेण्यापूर्वी एवढे पाहावे, की त्या नियमांनी तेथील सामान्य सभासदास हिशेब विचारण्याचा जो अधिकार दिला आहे, तो आपल्या सभासदासही मिळतो काय? तो मिळत नसेल, तर उत्तम नियमावलीही आपणांस तारणार नाही, असे आम्हांस वाटते.