काचपात्रे, भट्टीत सांधलेली

रंगीत काचेचे तुकडे, पट्ट्या किंवा काड्या एकमेकांवर अथवा शेजारी शेजारी मांडून, ते मृदू होऊन परस्परांशी एकजीव होतील इतपत भट्टीत तापवून तयार केलेली वाडगी, तबके, बशा इ. शोभिवंत पात्रे. फुंकणीने फुगविलेल्या किंवा साच्यात दाबून केलेल्या पात्रांहून ती भिन्न होत. त्यांच्या निर्मितीत कारागिराला काचेचा तप्त रस हाताळावा लागत नाही. तो थंड काच मांडतो व पुढील काम उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर सोपवितो. फुंकणीहून हे तंत्र सु. दीड हजार वर्षांनी जुने असून मध्यंतरी ते बव्हंशी लोपले होते. त्याचे पुनरुज्जीवन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले.

तंत्र : प्रथम काच कापून आकृतिबंध मांडतात. काच भट्टीच्या फरशीस चिकटू नये म्हणून फरशीवर चिनी माती व ॲल्युमिना यांचा लेप देतात. सामान्य सोडा-चुना काचेचे तुकडे सु. ७५०° से.च्या आसपास एकमेकांस चिकटतात, मात्र त्यांच्या कडा व उठाव कायम राहतात. सु. ८००° से. वा त्याहून थोड्या अधिक तापमानास ते पूर्णपणे एकरूप होऊन सपाट तबकडी तयार होते. ही तबकडी थंड झाल्यावर मातीच्या खोलगट साच्यावर ठेवून पुन्हा सु. ६५०° से.पर्यंत तापवितात. तेव्हा ती स्वतःच्या वजनाने साच्यात उतरते व तिला वाडग्याचा आकार येतो.

या कामातील खरी कसोटी तापविण्यापेक्षा निवविण्यात असते. काच भराभर निवल्यास तिचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो व गाभ्यात ताण अडकून राहतो. असे पात्र पुढे केव्हाही तडकू शकते. म्हणून काचेच्या प्रकारानुसार सु. ४८०° ते ५५०° से. या पट्ट्यात तापमान काही काळ स्थिर राखून नंतर ते सावकाश उतरवितात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. दुसरी अट काचांच्या मेळाची आहे. ज्या काचा तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावतात व निवताना सारख्याच आकसतात, त्याच एकत्र सांधता येतात. सोडा-चुना काचेचे प्रसरण बोरोसिलिकेट काचेच्या अडीचपटीहून अधिक असल्याने या दोन काचा भट्टीत जुळल्या, तरी निवताना एकमेकींपासून तुटतात. मुंबई उपनगरातील साकीनाक्यानजीकच्या मरोळ भागात बोरोसिल ग्लास वर्क्स या १९६२ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना होता. तेथील प्रयोगशालेय पात्रे तापमानातील बदल सोसत, ती या अल्प प्रसरणामुळेच. मात्र तोच गुण अशा काचेला साध्या रंगीत काचेशी जुळू देत नाही.

प्राचीन इतिहास : रंगीत काड्यांचे आडवे काप मांडून व भट्टीत सांधून केलेल्या पात्रांचे अवशेष इराकमधील तेल अल्‌-रीमा व अकर कूफ येथे सापडले असून ते इ. स. पू. पंधराव्या-चौदाव्या शतकांतील आहेत. ग्रीकांश काळात ही कला पुन्हा भरास आली. इटलीतील कानोसा येथे मिळालेल्या वाडग्यांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याच्या वर्खाची नक्षी बसविलेली आहे. इ. स. पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइन भागात फुंकणीचा शोध लागला. एक वाडगे भट्टीत घडण्यास लागणाऱ्या वेळात फुंकणीवर कितीतरी पात्रे होऊ लागल्याने काच सामान्यांच्या घरात पोहोचली आणि भट्टीतील सांधकाम मागे पडले.

महाराष्ट्र : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात बॅरिगाझा (भडोच) बंदरात कच्ची काच आयात होत असल्याची नोंद आहे. तगर (तेर) व पैठण येथील माल याच बंदराकडे जात असे. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे रोमन काचवाडग्यांचे तुकडे मिळाले आहेत. तथापि येथील कारागिरांचे कौशल्य पात्रांपेक्षा मणी व बांगड्या यांतच प्रामुख्याने प्रकट झाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात बहमनी काळातील बहुरंगी काचबांगड्या आढळल्या. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाची काच उष्णतेने बसवून टिकविण्याचे ज्ञान येथे होते, असे त्यांवरून दिसते. ते पात्रांकडे मात्र फारसे वळले नाही.

स्वदेशीच्या काळात काचधंद्याला नवे वळण मिळाले. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना काचविद्या शिकविली. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. देशाची गरज चिमण्या व बाटल्या यांची होती. त्यामुळे या कारखान्यांनी फुंकणी व साचे यांची वाट धरली, हे स्वाभाविकच होते.

पुनरुज्जीवन : फ्रान्समध्ये आंरी क्रो यांनी १८८० नंतर काचेची पूड साच्यात भाजून शिल्पे घडविली. अमेरिकेत फ्रान्सेस व मायकेल हिगिन्स या दांपत्याने १९४८ पासून सांधलेल्या काचेची तबके व वाडगी विक्रीस आणली. परंतु काचांचा मेळ बसविण्याचे काम तोवर अनुभवावरच चाले. पोर्टलंड येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या बुल्सआय कंपनीने परस्परांशी जुळणाऱ्या, तपासलेल्या रंगीत काचा उपलब्ध केल्या. जर्मन कलावंत क्लाउस मोये यांनी १९८२ पासून ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे या तंत्राचे अध्यापन केले.

फुंकणीच्या कामास दिवसरात्र पेटती भट्टी व जाणत्या कारागिरांचा ताफा लागतो. सांधकामास मेजाएवढी विजेची भट्टी, तापमाननियंत्रक व एक कारागीर पुरतो. त्यामुळे मोठा कारखाना उभारणे ज्यांना शक्य नाही, अशांनाही काचपात्रे घडविता येतात. प्राचीन काळी ज्या संथपणामुळे हे तंत्र मागे पडले, तोच संथपणा एकेक पात्र स्वतंत्रपणे घडविणाऱ्या कारागिराला अडचणीचा वाटत नाही. अनुशीतनास लागणारा वेळ मात्र आजही टाळता येत नाही.